घर विकलं, वर भाडंही भरलं: एएमडीची २००६ ते २०१७ ची गोष्ट

जुलै २०१५ मध्ये एएमडी या अमेरिकी प्रोसेसर कंपनीचा शेअर एक डॉलर साठ-पासष्ट सेंटला मिळत होता. तेव्हाच्या भावानं शंभरेक रुपये, म्हणजे उडप्याकडची एक राइस प्लेट आणि वर एक कटिंग. आणि हीच ती कंपनी जिचा शेअर २००६ च्या सुरुवातीला चाळीस डॉलरच्या वर होता. त्या दिवसांत आमच्या हार्डवेअरवाल्या मित्रांत एकच विषय, की आता हिला कोण घेणार, आख्खी घेणार की तुकड्यातुकड्यांनी घेणार, आणि मीही छातीठोकपणे सांगत होतो की दोन वर्षांत संपतंय बघा. संपलं नाही. दोन वर्षांच्या आत रायझन हा त्यांचा नवा प्रोसेसर आला आणि माझं भाकीत मला अजून ऐकवलं जातं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक ती ऑक्टोबर २०१४ पासून सुरू करतात. लिसा सू सीईओ झाल्या, कंपनी वाचवली, टाळ्या. बाईंचं श्रेय कमी करायची माझी लायकी पण नाही आणि इच्छा पण नाही, पण मला ही गोष्ट अर्धी वाटते. ज्या तीन व्यवहारांवर एएमडी तगली ते तिन्ही त्यांच्या आधीच्या सीईओंनी केले होते, ते सगळे एकेक करून खुर्चीवरून गेले, आणि त्यातला एक व्यवहार तर त्या वेळी निव्वळ नामुष्की वाटत होता. तो पण सांगतो, पण आधी २००६ चा जुलै बघू, कारण सगळं तिथं अडकलंय.

एकाच आठवड्यात

थोडी पार्श्वभूमी. २००३ मध्ये एएमडीनं सर्व्हरसाठी ऑप्टेरॉन आणि घरच्या पीसीसाठी ॲथलॉन ६४ हे प्रोसेसर आणले. इंटेल तेव्हा ६४ बिटसाठी इटॅनियम नावाचं वेगळंच घोडं दामटत होती, ज्यावर जुनं सॉफ्टवेअर धड चालायचं नाही, आणि घरच्या पीसीत पेंटियम ४ होता जो तापायचा किती ते विचारू नका. एएमडीनं सरळ जुन्याच एक्स८६ ला (पीसीचे प्रोसेसर जी सूचनांची भाषा समजतात ती) ६४ बिटची वाढीव खोली बांधून दिली, मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत घेतला, आणि सर्व्हरवाले खूश झाले. २००६ पर्यंत एक्स८६ सर्व्हरमध्ये साधारण पाव बाजार एएमडीकडे आला. वर्षानुवर्षं फक्त इंटेल वापरणाऱ्या डेलनं सुद्धा त्या वर्षी मे महिन्यात जाहीर केलं की आम्ही ऑप्टेरॉन घेतोय.

आता अशा वेळी माणसाला काय होतं? हात सैल होतो. जून २००६ मध्ये एएमडीनं न्यूयॉर्क राज्यात ३२० कोटी डॉलरची नवी फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, बांधायचं ठरवलं, जर्मनीत ड्रेस्डेनची नवी फॅब नुकतीच सुरू झालेली असताना. आणि २४ जुलैला जाहीर केलं की कॅनडाची ग्राफिक्स कंपनी एटीआय आम्ही ५४० कोटी डॉलरला विकत घेतोय, त्यासाठी २५० कोटींचं कर्ज काढून.

२७ जुलैला, म्हणजे बरोबर तीन दिवसांनी, इंटेलनं कोअर २ ड्युओ बाजारात आणला.

ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना आठवत असेल, की कोअर २ हा काही 'थोडा बरा' प्रोसेसर नव्हता, त्यानं एका रात्रीत टेबल उलटवलं. कमी तापायचा, कमी वीज खायचा, आणि एएमडीच्या महागातल्या महाग प्रोसेसरला मधल्या किमतीत मागे टाकायचा. एएमडीनं त्याच आठवड्यात ॲथलॉनच्या किमती काही मॉडेलमध्ये अर्ध्यावर आणल्या. म्हणजे उत्पन्न अर्धं व्हायची वेळ आणि अंगावर सगळ्यात मोठं कर्ज घ्यायची वेळ एकच. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथं पाय पसरले आणि मग कोणीतरी अंथरूण ओढलं.

एटीआय घेण्यामागचा विचार मात्र चुकीचा नव्हता. हेक्टर रुइझ तेव्हा सीईओ, त्यांचं म्हणणं होतं की पुढे प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच सिलिकॉनवर येणार. 'फ्यूजन' असं नाव दिलं होतं. कल्पना बरोबर, किंमत चुकीची, वेळ त्याहून चुकीची, आणि पहिली फ्यूजन चिप बाजारात यायला जानेवारी २०११ उजाडला.

मधल्या काळात सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीचा बार्सिलोना नावाचा सर्व्हर प्रोसेसर आला, चार कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी स्वतंत्र यंत्रं) एकाच डायवर (सिलिकॉनच्या तुकड्यावर), आणि त्यात निघाला टीएलबीचा बग. टीएलबी म्हणजे मेमरीचे पत्ते हाताशी ठेवणारा छोटा तक्ता, त्यात काही विशिष्ट परिस्थितीत गडबड होऊन मशीन लटकू शकत होतं. बायोसमधून (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून) पॅच मारला की बग बंद पण वेग साधारण दहा टक्के कमी. सर्व्हरवाल्याला तुम्ही सांगून बघा की बाबा, तुझं मशीन बरोबर चालेल पण दहा टक्के हळू. दुरुस्त केलेली चिप पुढच्या वर्षी आली तोवर गिऱ्हाईक निघून गेलेलं. २००७ चा तोटा ३३८ कोटी डॉलर. त्यात मोठा वाटा एटीआयची किंमत वहीत खाली आणल्याचा, पण तोटा तो तोटाच. २००८ मध्ये परत ३०० कोटींच्या वर.

मर्दांची फॅब

एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स यांचं एक वाक्य या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे, खऱ्या मर्दाकडे फॅब असते. १९६९ पासून २००२ पर्यंत त्यांनी कंपनी चालवली आणि हे वाक्य म्हणजे घराण्याचं ब्रीदच झालं होतं. चिप नुसती डिझाइन करायची आणि बनवायला तैवानला पाठवायची, हे त्यांच्या लेखी दुय्यम काम.

ऑक्टोबर २००८ मध्ये, लेहमन बुडून जेमतेम तीन आठवडे झालेले, एएमडीनं जाहीर केलं की आम्ही आमच्या फॅब वेगळ्या काढतोय. पैसा अबू धाबीच्या सरकारी गुंतवणूक कंपनीचा. मार्च २००९ मध्ये त्यातून ग्लोबलफाउंड्रीज उभी राहिली. एएमडीला रोख ७० कोटी डॉलर मिळाले आणि वर १२० कोटींचं कर्ज नव्या कंपनीच्या डोक्यावर गेलं. ड्रेस्डेन गेलं, न्यूयॉर्कची ठरलेली फॅब पण त्यांच्याकडे गेली.

त्या वेळच्या बातम्यांचा सूर म्हणजे कोणी वडिलोपार्जित वाडा विकला की गावात जसं बोलतात तसा होता. आणि बोलणाऱ्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही, कारण व्यवहाराच्या पोटात एक कलम होतं ज्याची किंमत पुढे दहा वर्षं मोजावी लागली. वेफर (चिप ज्यावर छापतात ती सिलिकॉनची चकती) सप्लाय ॲग्रीमेंट. म्हणजे एएमडीनं आपले जवळपास सगळे प्रोसेसर ग्लोबलफाउंड्रीजकडूनच बनवून घ्यायचे. घर विकलं, ठीक आहे, पण राहायचं त्याच घरात, भाडं देऊन, आणि दुसरीकडे राहायला जायचं असेल तर त्याचा दंड वेगळा!

दंड खरंच भरला. २०१२ च्या मार्चमध्ये काही २८ नॅनोमीटरच्या (हा आकडा जितका छोटा तितकं नवं तंत्र) चिप दुसरीकडून बनवायची मोकळीक मिळावी म्हणून ४२.५ कोटी डॉलर कबूल केले आणि ग्लोबलफाउंड्रीजमधला उरलेला हिस्साही सोडून दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ठरल्याइतके वेफर घेता येत नव्हते कारण पीसीचा खपच पडला होता, म्हणून आणखी ३२ कोटी. म्हणजे न घेतलेल्या मालाचे पैसे. २०१६ मध्ये परत १० कोटी रोख आणि साडेसात कोटी शेअर घेण्याचा हक्क. कोणत्याही वर्षाचा हिशोब उघडा, कुठं ना कुठं हे भाडं दिसतंच.

तरीही मी म्हणतो की फॅब विकली नसती तर २०१७ दिसलंच नसतं. एका नव्या पिढीची फॅब म्हणजे तीन-चारशे कोटी डॉलर, दर दोन-तीन वर्षांनी, आणि तेवढ्या किमतीचा माल खपवायला हवा. २०१५ मध्ये एएमडीची वर्षाची विक्रीच ३९९ कोटी होती. हिशोब कसाही फिरवा, बसत नाही.

यात एक कायद्याचा गुंता पण होता जो फार कमी लोक सांगतात. एक्स८६ चं लायसन्स इंटेलबरोबरच्या करारावर चालतं आणि इंटेलनं हरकत घेतली की फॅब दुसऱ्याच्या ताब्यात गेली तर करार मोडला. म्हणजे वाडा विकायला गेले तर शेजारी म्हणतो तुमचा पाण्याचा हक्कही गेला. हा गुंता सुटला नोव्हेंबर २००९ मध्ये, जेव्हा मक्तेदारीच्या जुन्या खटल्यात तडजोड होऊन इंटेलनं १२५ कोटी डॉलर दिले. सगळ्यांनी तो चेक बघितला. पण मला वाटतं चेकपेक्षा जास्त मोलाचं होतं ते करारातलं दुसरं वाक्य, की एएमडीनं आता पूर्ण फॅबलेस, म्हणजे बिनाकारखान्याची, व्हायला हरकत नाही. ते वाक्य नसतं तर पुढे दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडे जाणं एवढं सरळ झालं नसतं.

डर्क मायर, ज्याला काढलं

मायर २००८ च्या जुलैमध्ये सीईओ झाला. मूळचा इंजिनियर, पहिल्या ॲथलॉनच्या टीमचा म्होरक्या. जानेवारी २०११ मध्ये बोर्डानं त्याला घालवला, आणि बाहेर जे कळलं ते असं की मोबाइल आणि टॅबलेटसाठी याच्याकडे काही प्लॅन नाही.

आता गंमत बघा. जानेवारी २००९ मध्ये, तिजोरीत खडखडाट असताना, एएमडीनं मोबाइल ग्राफिक्सचा विभाग क्वालकॉमला फक्त ६.५ कोटी डॉलरला विकून टाकला होता. त्याचंच पुढे ॲड्रिनो झालं, क्वालकॉमच्या फोनच्या चिपमधलं ग्राफिक्स. रेडिऑन या एटीआयच्या ग्राफिक्सच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की ॲड्रिनो होतं, जुळवून बघा. आज आपल्यापैकी कितीजणांच्या खिशात ते आहे! तर विकलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, आणि दोन वर्षांनी विचारतात की मोबाइलचं काय केलंस.

आणि २०११ च्या त्या जानेवारीत, मायरला घालवायच्या आठवडाभर आधी, त्याच्या काळात तयार झालेला एक छोटा कोअर बाजारात आला, बॉबकॅट. स्वस्त नेटबुकसाठीचा, टीएसएमसीकडे बनवलेला, ग्राफिक्स त्याच डायवर. बातम्यांत त्याची फार वाहवा झाली नाही. पण त्याचाच पुढचा भाऊ जॅग्वार, आणि जॅग्वारनं काय केलं ते खाली येतंच.

बुलडोझर

इथं मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण हे प्रकरण मला अजून चुटपुट लावतं.

ऑक्टोबर २०११ मध्ये बुलडोझर या नव्या रचनेचा एफएक्स ८१५० आला, 'जगातला पहिला आठ कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर' म्हणून. आत रचना अशी, की दोन-दोन कोअरची एक जोडी, तिला मॉड्यूल म्हणायचं. जोडीतल्या दोघांचं पूर्णांकाचं गणित करायचं यंत्र वेगळं, पण दशांश गणिताचं यंत्र सामायिक, आणि सूचना आणून फोडून देणारा पुढचा भागही सामायिक. चाळीत दोन बिऱ्हाडं, झोपायच्या खोल्या दोन पण स्वयंपाकघर एक, असं समजा. जागा वाचते, भाडं वाचतं, पण सकाळी आठ वाजता दोघांनाही डबा करायचा असला की गॅससमोर रांग. त्यातून प्रत्येक कोअर थोडा अरुंद ठेवला होता आणि भरपाई म्हणून घड्याळ जोरात पळवायचं, म्हणजे जास्त गिगाहर्ट्झ. इंटेलनं पेंटियम ४ मध्ये हेच करून हात पोळून घेतले होते, आणि ज्यांनी तेव्हा त्याचा फायदा उठवला त्यांनीच पाच वर्षांनी तीच वाट धरली.

नतीजा असा की एकेरी कामात हा नवा प्रोसेसर कधीकधी एएमडीच्याच जुन्या फेनॉमच्या मागे पडायचा. ग्लोबलफाउंड्रीजची ३२ नॅनोमीटरची प्रोसेसही तेव्हा नीट बसलेली नव्हती, चांगल्या चिप कमी निघत होत्या. आणि कहर म्हणजे लाँचच्या वेळी सांगितलं की यात दोन अब्ज ट्रान्झिस्टर आहेत, आणि दोन महिन्यांनी दुरुस्ती केली की नाही, १.२ अब्ज. ऐंशी कोटी ट्रान्झिस्टर इकडचे तिकडे! आठ कोअर म्हणायचे की चार, यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये १.२१ कोटी डॉलर देऊन तो मिटवला.

२०१२ च्या दिवाळीच्या सुमारास मावसभावाचा पीसी असेंबल करायला मी त्याला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. त्याला 'आठ कोअर' या शब्दाची भुरळ पडलेली. दुकानदार पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, त्यांनी शांतपणे विचारलं, "काय करणार कॉम्प्युटरवर?" हा म्हणाला, गेम आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग. ते म्हणाले, "एडिटिंग जास्त असेल तर हा घे, स्वस्तात पडेल, पण एसएमपीएस मोठा लागेल, सव्वाशे वॅटचा आहे हा. नुसते गेम असतील तर तो घे." 'तो' म्हणजे इंटेलचा आय५. मला वाटतं अर्ध्या जगाच्या रिव्ह्यूचा सारांश त्यांनी दोन वाक्यांत सांगितला. भावानं आय५ घेतला.

रोरी रीड आणि प्लेस्टेशन

मायरनंतर ऑगस्ट २०११ मध्ये लेनोवोहून रोरी रीड आला. याचं नाव आता कोणाला आठवत पण नाही. यानं केलं ते बरंचसं कटू काम, आधी दहा टक्के माणसं कमी, पुढच्या वर्षी परत पंधरा टक्के. ऑस्टिनचा स्वतःचा कॅम्पस १६.४ कोटी डॉलरला विकून तोच परत भाड्यानं घेतला, म्हणजे परत घर विकून भाडेकरू! ३३.४ कोटींना सीमायक्रो नावाची सर्व्हर कंपनी घेतली जी तीन वर्षांत बंद करावी लागली, ते पैसे पाण्यात.

पण दोन गोष्टी त्याच्या खात्यात टाकायलाच हव्यात. एक, नोव्हेंबर २०१३ मध्ये एका आठवड्याच्या अंतरानं प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले, आणि दोन्हींच्या आत एएमडीची चिप. आठ जॅग्वार कोअर आणि रेडिऑन ग्राफिक्स, एकाच डायवर. सोनी आणि मायक्रोसॉफ्टला एक्स८६ आणि दमदार ग्राफिक्स एकत्र हवं होतं, आणि ते एका छपराखाली देणारं दुसरं कोणी नव्हतंच. इंटेलचं ग्राफिक्स तेव्हा त्या तोडीचं नव्हतं, एनव्हिडियाकडे एक्स८६ नव्हतं. म्हणजे २००६ मध्ये ज्या एटीआयपायी कंपनी जवळपास बुडाली, तिनंच सात वर्षांनी चूल पेटती ठेवली, मायरच्या बॉबकॅटच्या भावाला हाताशी धरून. या धंद्यात मार्जिन पातळ असतं, पण डिझाइनचा खर्च बराचसा गिऱ्हाईक उचलतं आणि पुढची सहा-सात वर्षं दर महिन्याला माल जात राहतो. पगारी माणसासारखं, श्रीमंत होत नाही पण किराणा भरला जातो.

दुसरी गोष्ट माणसांची. जानेवारी २०१२ मध्ये फ्रीस्केलहून लिसा सू आल्या, तेव्हा सीईओ म्हणून नाही, आणि ऑगस्टमध्ये ॲपलहून जिम केलर परत आला, जो पूर्वी एएमडीतच ६४ बिटच्या पिढीवर काम करून गेला होता. हे दोघंही रीडच्या काळात आले.

झेन

केलरचं नाव मोठं होतं म्हणून सगळे त्यालाच झेनचा (रायझनच्या आतल्या नव्या कोअरचा) बाप म्हणतात, पण कोअरचा मुख्य आर्किटेक्ट माइक क्लार्क, १९९३ पासून एएमडीत. केलरनं मुख्यतः टीम परत बांधली आणि हे ठरवलं की बुलडोझरला ठिगळं लावत बसायचं नाही, पाटी पुसायची. लक्ष्य असं ठेवलं की प्रत्येक घड्याळाच्या ठोक्याला आधीच्यापेक्षा चाळीस टक्के जास्त काम. सामायिक स्वयंपाकघर बंद, प्रत्येक कोअरला स्वतःचं सगळं, आणि एका कोअरवर दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी दोन कामं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये लिसा सू सीईओ झाल्या आणि इथून पुढचं श्रेय त्यांचंच. कारण पैसा नसताना काय करायचं नाही हे ठरवणं जास्त अवघड. सीमायक्रो बंद केलं, एआरएम (फोनमधल्या प्रोसेसरची रचना) आणि एक्स८६ एकाच सॉकेटमध्ये बसवायचा प्रकल्प गुंडाळला, फोनच्या मागे जायचं नाही असं उघड सांगितलं, २० नॅनोमीटरवरच्या डिझाइन सोडून सरळ पुढच्या पिढीवर उडी मारली. आकडे बघा म्हणजे कळेल. २०१५ मध्ये एएमडीचा संशोधनावरचा खर्च ९४.७ कोटी डॉलर आणि इंटेलचा १,२१० कोटी. आणि त्या ९४.७ मध्ये प्रोसेसर पण आणि ग्राफिक्स पण, म्हणजे इंटेलशी पण भांडायचं आणि एनव्हिडियाशी पण. तोटा ६६ कोटी. कर्ज दोनशे कोटींच्या वर. माणसं २००६ च्या शेवटी सोळा हजारांवर होती ती नऊ हजारांवर आलेली. सर्व्हरमधला पाव बाजार घसरत घसरत पुढच्या वर्षा-दोन वर्षांत एक टक्क्याच्याही खाली.

आणि तरीही विकणं चालूच होतं, कारण झेन तयार होईपर्यंत पगार द्यायचे होते. पेनांग आणि चीनमधल्या सुझोउच्या चिप पॅकेजिंगच्या कारखान्यांतला ८५ टक्के हिस्सा एका चिनी कंपनीला, ३७.१ कोटी. झेनचंच तंत्रज्ञान चीनमधल्या भागीदारीला लायसन्सवर, २९.३ कोटी, आणि हे झेन बाजारात यायच्या आधी! दागिने मोडून मुलाची फी भरावी तसं. केलर सप्टेंबर २०१५ मध्ये निघूनही गेला, चिप हातात यायच्या आधी.

ऑगस्ट २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एएमडीनं झेन आणि इंटेलचा आठ कोअरचा प्रोसेसर शेजारी ठेवले, दोन्हींचं घड्याळ ३ गिगाहर्ट्झवर बांधलं, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एकच चित्र रेंडर करायला लावलं. झेनचं किंचित आधी झालं. कंपनीनं स्वतः लावलेला डेमो म्हणून मी नाक मुरडलं होतं. बाजारानं मुरडलं नाही, पुढच्याच महिन्यात नवे शेअर आणि रोखे काढून एएमडीनं जवळपास १४० कोटी डॉलर उभे केले आणि जुनी महाग कर्जं फेडली. माझ्या मते कंपनी वाचली तो महिना हा, रायझनचा नाही.

२ मार्च २०१७ ला रायझन ७ आला. चाळीसच्या जागी बावन्न टक्के वाढ. १८००एक्सची किंमत ४९९ डॉलर, आणि इंटेलचा तेवढ्याच कोअरचा ६९००के एक हजाराच्या वर. गेममध्ये अजून थोडा मागे होता, सुरुवातीला मेमरीच्या काड्या नीट चालेनात, दर पंधरा दिवसांनी नवा बायोस, ते सगळं झालं. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एएमडी सुचवताना कोणाला 'स्वस्तात पडेल' असं आडून बोलावं लागलं नाही.

पैशाच्या दृष्टीनं खरी हुशारी मात्र जूनमध्ये आलेल्या एपिकमध्ये होती. ३२ कोअरचा सर्व्हर प्रोसेसर करायचा तर एक भलामोठा डाय बनवायला हवा, आणि मोठ्या डायचं दुखणं तुम्हाला वड्यांच्या ताटावरून कळेल. ताटात थापलेल्या मिश्रणात चार-पाच ठिकाणी करपलेले ठिपके आहेत. वड्या मोठ्या पाडल्या तर जवळपास प्रत्येक वडीत एक ठिपका, छोट्या पाडल्या तर चार-पाचच वाया. एएमडीनं आठ कोअरची एकच छोटी वडी पाडली. एक डाय वापरला की रायझन, दोन जोडले की थ्रेडरिपर, चार जोडले की एपिक. एकच डिझाइन, मास्कचा (चिप छापायच्या साच्याचा) एकच खर्च. त्यांनी स्वतःच मांडलेल्या हिशोबात चार छोट्या डायचं क्षेत्रफळ मिळून ८५२ चौरस मिलिमीटर भरत होतं, एक मोठा केला असता तर ७७७, म्हणजे सिलिकॉन जास्तच लागलं, तरी खर्च मोठ्याच्या ५९ टक्केच. गरिबीतून सुचलेली युक्ती. ज्याच्याकडे १,२१० कोटी होते त्याला हे करायची गरजच नव्हती.

२०१७ चं वर्ष संपलं तेव्हा जाहीर केलेल्या आकड्यांत ४.३ कोटी डॉलर नफा होता. किरकोळच, पण २०११ नंतरचा पहिला.

आणि ते भाडं? ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजनं स्वतःच जाहीर केलं की आम्ही ७ नॅनोमीटर करत नाही, परवडत नाही. मग एएमडीची पुढची पिढी टीएसएमसीकडे गेली. पण करार अजून जिवंत होता, वेफर घ्यायचेच होते, तर २०१९ च्या एपिकमध्ये त्यांनी कोअरचे छोटे डाय टीएसएमसीचे ठेवले आणि मध्ये सगळ्यांना जोडणारा एक मोठा डाय जुन्या १४ नॅनोमीटरवर ग्लोबलफाउंड्रीजकडून घेतला. त्या भागाला तशीही नव्या प्रोसेसची फारशी गरज नसते. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी एआय २०२० मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरच्या यादीत ६३ वा आला, त्याच्या आतले प्रोसेसर हेच, एपिक ७७४२. त्याचं झाकण काढलेला फोटो बघाल तर कडेनं आठ छोटे डाय दिसतील, टीएसएमसीचे, आणि मधोमध एक मोठा आडवा चौकोन. तो ग्लोबलफाउंड्रीजचा.